२७६ ची साखळी: २८ ची पकड

मागच्या नोंदीत २७६ ची साखळी २७१६ पर्यंत आणली होती. नव्यांसाठी नियम: संख्येचे स्वतःला सोडून सगळे विभाजक मिळवायचे आणि आलेल्या बेरजेवर पुन्हा तेच करायचं.

२७६ → ३९६ → ६९६ → ११०४ → १८७२ → ३७७० → ३७९० → ३०५० → २७१६

३७९० नंतर ती दोन पायऱ्या उतरते आणि उतरत जाऊन १ वर संपेल अशी आशा वाटते. पण २७१६ = ४ × ७ × ९७, आणि इथेच २८ आत शिरतो.

२८ ही परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःला सोडून तिच्या विभाजकांची बेरीज २८ च. तिच्या कोणत्याही मोठ्या पटीला स्वतःपेक्षा मोठीच बेरीज मिळते, म्हणजे २८ आहे तोवर साखळी चढतीच. मग तो जातो कधी? ४ च्या सर्व विभाजकांची बेरीज ७, आणि ७ च्या विभाजकांची ८. पुढचं पद म्हणजे सर्व विभाजकांची एकूण बेरीज वजा आधीचं पद. ४ मुळे पुढच्या पदात ७ येतो. ७ मुळे एकूण बेरजेला ८ ने भाग जातो, त्या पदाला मात्र ४ नेच जातो, म्हणून वजाबाकीत नेमका ४ उरतो. ही जोडी फुटायला ७ चा घातांक सम व्हावा लागतो. ४९ च्या विभाजकांची बेरीज ५७, विषम. तिथे तो ८ मिळत नाही.

म्हणून सगळं लक्ष ४९ वर होतं. २७१६ नंतरच्या २७७२, ५९६४, १०१६४ पासून थेट ५४६२८ पर्यंत ७ एकेकटाच. आणि विसाव्या पायरीला ५४६८४ = ४ × ९ × ४९ × ३१! पण ३१ च्या विभाजकांची बेरीज ३२. ७ कडून न मिळालेला ८ एकट्या ३१ ने भरून काढला. पुढचं पद १११३०० = ४ × ३ × २५ × ७ × ५३. २८ पुन्हा जागेवर. आतापर्यंतच्या साखळीतली ही मला सर्वांत सुंदर पायरी वाटते.

यातून अट स्पष्ट झाली. नुसता ४९ पुरत नाही. ४ आणि ४९ काढून उरलेल्या भागाच्या विभाजकांच्या बेरजेला ८ ने भाग जाता कामा नये. विषम घातांकाचा प्रत्येक अविभाज्य अवयव त्या बेरजेत किमान एक २ आणतो, त्यामुळे असे तीन असले की सुटका नाही. दोन असले तर दोघांनाही ४ ने भागून बाकी १ उरायला हवी. पदं मोठी होतात तसे अवयव साधारणपणे वाढतात, म्हणून ही अट हळूहळू अधिकच कठीण होत जाते.

अशा सगळ्या साखळ्या कुठेतरी थांबतात किंवा फिरून तिथेच येतात, असं अनुमान गणितज्ञ कातालान यांनी १८८८ मध्ये मांडलं आणि डिक्सन यांनी १९१३ मध्ये सुधारलं. २७६ ही अजून निकाल न लागलेली सर्वांत लहान संख्या. संगणकांनी तिची पदं २०० अंकांच्या पलीकडे नेली आहेत. १३८, म्हणजे २७६ ची निम्मी, १७९९३१८९५३२२ पर्यंत चढूनही १७७ पायऱ्यांत १ वर येते.

सध्या २६३६७६ वर आहे: ४ × ३ × ७ × ४३ × ७३. इथून पुढे प्रत्येक पदात आधी ४९ शोधायचा, आणि तो सापडला तरच उरलेले अवयव तपासायचे.