बारा म्हटलं की पोटात गोळा

"दहा किलोमीटरच कसेबसे होतात. रविवारचे बारा माझ्याच्यानं नाही व्हायचे." आज पळून झाल्यावर ग्रुपमधली एक ताई बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली.

तिचं घड्याळ पाहिलं. पहिला किलोमीटर ६:१० मिनिटांत, शेवटचा ८:०५ मिनिटांत.

ताई, तुला अंतरानं नाही दमवलं, पहिल्या दोन किलोमीटरनी दमवलं! रविवारी सुरुवातच किलोमीटरला साडेसात मिनिटं या वेगानं कर. शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झालाय. नऊ मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, तेही पहिल्या दहा मिनिटांपासूनच. पाय जड झाल्यावर सुरू केलेल्या चालण्याचा फारसा उपयोग होत नाही.

नव्यांची खरी अडचण वेगळीच असते. दमसास काही आठवड्यांत सुधारतो, पण टाचेमागची कंडरा आणि नडगीचं हाड तयार व्हायला महिने लागतात. म्हणून दम असला तरी आठवड्याला एक-दोन किलोमीटरच वाढवायचे आणि चौथ्या आठवड्यात अंतर चक्क कमी करायचं. या कमी अंतराच्या आठवड्याला आळस समजू नका, सुधारणा तेव्हाच मुरते. नडगीवर बोटाएवढ्या एकाच जागी दाबून दुखत असेल तर मात्र पळणं बंद आणि डॉक्टरांकडे.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढते. तिथे चढावर चालणारे कितीतरी जण २१ किलोमीटर व्यवस्थित पूर्ण करतात.

रविवारी ताईसोबत साडेसातच्या वेगानं कोण कोण येतंय?