रडता रडता आनंद
दुःखात कोणी "आनंदी राहा, देव आहे" म्हटलं की खरं सांगू, मला त्रासच होतो. पण पंडिता रमाबाईंचं बघा ना, दुष्काळात आईवडील गेले, मग बहीण, भाऊ, १८८२ मध्ये नवरा, पदरात लहानगी मनोरमा, आणि १८८३ ला बाप्तिस्मा घेतला तर आपलीच माणसं दुरावली. ह्या बाईने दुष्काळातल्या शेकडो मुली केडगावला त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमात आणल्या, जेवू घातलं, शिकवलं. ख्रिस्त स्वतः वधस्तंभावर गेलाय त्यामुळे त्याला आपलं रडणं कळतं, रडता रडताही मिळणारा आनंद तिथूनच येतो असं मला अगदी मनापासून वाटतं. १९२१ ला मनोरमाही गेली, तरी रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही, १९२२ मध्ये जाईपर्यंत तेच काम.