मल्टी_क्वेरी वापरताना निकाल शेवटपर्यंत वाचा

पीएचपीतून मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणाऱ्या मायएसक्यूएलआय या एक्स्टेंशनमध्ये साध्या क्वेरी फंक्शनला सेमीकोलनने जोडलेली दोन स्टेटमेंट (एसक्यूएल आज्ञा) दिली, की सर्व्हर 1064 क्रमांकाची सिंटॅक्स एरर देतो. एकाच कॉलमध्ये अनेक स्टेटमेंट पाठवायला मल्टी_क्वेरी आहे. पण बहुतेक जण त्याचं उत्तर ट्रू आलं की सगळं झालं असं धरून चालतात, आणि घोळ तिथेच होतो. ते ट्रू फक्त पहिल्या स्टेटमेंटपुरतं असतं. तिसरं फसलं तर ते तिसऱ्या निकालापर्यंत पोचल्यावरच कळतं.

म्हणून लूप हवाच. समजा तीन स्टेटमेंट आहेत: साठा कमी करणारं अपडेट, बिलाची ओळ घालणारं इन्सर्ट आणि उरलेला साठा दाखवणारं सिलेक्ट. डू-व्हाइल लूपमध्ये आधी चालू निकाल आणून देणारं स्टोअर_रिझल्ट बोलवा. निकाल मिळाला तर ओळी वाचून तो फ्री करा. अपडेट आणि इन्सर्टला ओळीच नसतात, त्यामुळे तिथे फॉल्स येतं. ती चूक नव्हे. खरी चूक आहे का ते एररनो (एररचा क्रमांक, शून्य म्हणजे चूक नाही) पाहून ठरवा. किती ओळी बदलल्या हे हवं असेल तर अफेक्टेड_रोज त्याच फेरीत वाचून ठेवा, पुढच्या निकालावर गेलात की तो आकडा गेला. लूपची अट नेक्स्ट_रिझल्ट, म्हणजे पुढच्या निकालावर नेणारं फंक्शन. लूप संपल्यावर पुन्हा एकदा एररनो तपासा, कारण निकाल संपले तरी फॉल्स आणि एरर आली तरी फॉल्सच. पीएचपी 8.1 पासून मायएसक्यूएलआय मुळातच एक्सेप्शन फेकतं, त्यामुळे तिथे ट्राय-कॅच पुरतं.

निकाल अर्धवट सोडून त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालवली, की 2014 ही एरर येते: ‘कमांड्स आउट ऑफ सिंक’. एरर नव्या क्वेरीवर दिसते, म्हणून लोक तीच क्वेरी तासन्‌तास तपासत बसतात. दोष आधीच्या न वाचलेल्या निकालांचा असतो.

मधलं स्टेटमेंट फसलं तर सर्व्हर पुढची चालवत नाही, पण ऑटोकमिट (प्रत्येक स्टेटमेंट लगेच कायम करणं) चालू असेल तर आधीची कायम राहतात. साठा कमी झाला आणि बिल बनलंच नाही, अशी अवस्था होते. आधी बिगिन_ट्रान्झॅक्शन, सगळे निकाल वाचून झाल्यावर कमिट (बदल कायम करणं), चूक आली तर रोलबॅक (बदल मागे घेणं), हाच क्रम ठेवा. टेबलं ट्रान्झॅक्शन सांभाळणाऱ्या इनोडीबी इंजिनचीच हवीत, आणि मध्ये क्रिएट किंवा ऑल्टर टेबल घालू नका. मायएसक्यूएल त्या क्षणी आपणहून कमिट करतं आणि मग रोलबॅकला काही उरत नाही.

डंप फाइलमधला (डेटाबेसच्या एसक्यूएल प्रतीतला) डिलिमिटर, म्हणजे स्टेटमेंट संपल्याची खूण बदलणारी ओळ, इथे चालत नाही. ती मायएसक्यूएल क्लायंटची आज्ञा आहे, सर्व्हरला ती माहीत नाही. प्रोसिजर बनवायची असेल तर ती ओळ काढून टाका.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये (जिथे व्हॅल्यू आज्ञेपासून वेगळ्या पाठवतात) एका वेळी एकच स्टेटमेंट बसतं, म्हणजे मल्टी_क्वेरीत व्हॅल्यू बाइंड करता येत नाहीत. फॉर्ममधून आलेला मजकूर त्यात जोडलात तर सेमीकोलन टाकून कुणीही स्वतःचं डिलीट मागे चिकटवू शकतो. वरच्या बिलासारखी, वापरणाऱ्याकडून आकडे येणारी कामं म्हणूनच ट्रान्झॅक्शनमध्ये वेगवेगळ्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटनी करा. मल्टी_क्वेरी इन्स्टॉलेशन, मायग्रेशन अशा ठरलेल्या स्क्रिप्टपुरतीच ठेवा. हजार ओळी घालायच्या असतील तर हजार इन्सर्ट जोडण्याऐवजी एकाच इन्सर्टमध्ये अनेक व्हॅल्यूज द्या. मायएसक्यूएल 8.0 मध्ये सर्व्हरचं मॅक्स_अलाउड_पॅकेट (एका वेळी पाठवता येणाऱ्या मजकुराची मर्यादा) मुळात 64 एमबी असतं, त्याच्या आत बसतील असे तुकडे पाडा.