कुत्र्याला मांजराची सवय लावताना

कुत्रा मांजरावर भुंकला की घरात सगळे दचकतात. मला मात्र भुंकणाऱ्यापेक्षा एकदम गप्प झालेल्या कुत्र्याचा जास्त घोर लागतो. तोंड मिटलेलं, मान ताठ, कान पुढे, वजन पुढच्या पायांवर आणि नजर हलायला तयार नाही. लोकांना वाटतं, ‘बघा, किती शहाण्यासारखा उभा आहे.’ पण आधी टक लावणं, मग दबा धरणं, मग पाठलाग आणि शेवटी पकडणं हा शिकारीचा क्रम आहे. पाठलाग सुरू झाल्यावर कितीही हाका मारा, त्या कानात शिरत नाहीत. त्यामुळे जे काही शिकवायचं ते टक लागण्याआधीच्या एक-दोन सेकंदांत.

आम्ही वासापासून सुरुवात केली. दोघं वेगळ्या खोल्यांत, दार बंद. मांजराच्या गालावरून फिरवलेलं फडकं कुत्र्याच्या भांड्याजवळ आणि कुत्र्याचं अंथरूण मांजराच्या खोलीत. फडकं हुंगून कुत्रा निवांत जेवायला लागला आणि दाराच्या फटीशी कुंईकुंई थांबली की पुढची पायरी. याला काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. इथे घाई केली की पुढे सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

मग मधे जाळीचं फाटक लावून समोरासमोर. कुत्र्याला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, आणि त्याला साधारण दोन मीटरची लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, ती ढिलीच. गळपट्ट्याला नको, कारण मांजर दिसताक्षणी गळ्याला हिसका बसला तर कुत्रा ते दुखणं मांजराच्याच खात्यात जमा करतो. खाऊ म्हणून मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, वाटाण्याएवढे तुकडे. कांदा-लसूण अजिबात नको, दोन्ही कुत्र्याला बाधतात.

कुत्र्याने मांजराकडे पाहिलं की त्याच क्षणी ‘छान’ म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. पाहायला बंदी नाही, हे अनेकांना पटत नाही. पण पाहिल्याबद्दलच खाऊ मिळतो म्हटल्यावर तो मांजर दिसलं की आपणहून आपल्याकडे मान वळवायला लागतो. ही वळलेली मान दिसेपर्यंत मी अंतर कमी करत नाही. तो तुकड्याला तोंडच लावत नसेल, किंवा एरवी अलगद घेणारा बोटं चावत हिसकावत असेल, तर आपण फार जवळ आलोय. अशा वेळी रागवायचं नाही, लीश ओढायची नाही. गोड आवाजात ‘चल’ म्हणून स्वतः वळून चालायला लागायचं. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरे. एखाद्या दिवशी पाठलाग झालाच, तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. डोकं तापलेल्या कुत्र्याला काही शिकता येत नाही.

खरी कसोटी हलणाऱ्या मांजराची. बसलेल्या मांजराशेजारी लोळणारा कुत्रा ते पळताच उसळतो. त्यामुळे फाटकापलीकडे कुणीतरी काडीला बांधलेल्या पिसाने मांजराला आधी सावकाश, मग जरा जोरात खेळवायचं आणि आपण इकडे तेच ‘छान’ आणि तुकडा चालू ठेवायचं. कुत्र्याला चटईवर पडून राहायला आधी एकट्याला शिकवलेलं असेल तर इथे फार सोपं जातं.

मांजराला कडेवर घेऊन कुत्र्यासमोर ‘ओळख’ करून देणं हा हमखास रक्त काढणारा प्रकार. ते घाबरतं, सुटायला धडपडतं आणि आपला हात ओरबाडला जातो. त्याला उंच फळी आणि कुत्र्याला न जाता येणारी वाट हवी. कान मागे चपटे झाले किंवा शेपटी आपटू लागली, की मांजराच्या बाजूनेही सत्र संपलं.

फाटक काढल्यावरही सुरुवातीला लीश अंगावर असू द्यावी, जमिनीवर घासत. दंश करण्याची शंका असेल तर धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असं जाळीचं मझल, म्हणजे तोंडावर बांधायचं मुसकं, वापरावं, त्याची सवय आधीच लावून. गुरगुरल्याबद्दल मारू नये. तो पूर्वसूचना देणं सोडतो, चावणं नाही.

शेळ्या, गुरं, कोंबड्या यांच्यासाठी पद्धत हीच, फक्त सुरुवात कितीतरी लांबून. कोंबड्यांची फडफड सगळ्यात अवघड. काही कुत्र्यांची शिकारी ओढ इतकी जबर असते की लहान प्राण्यांसोबत मोकळं सोडणं कधीच शक्य होत नाही. त्यांच्यासाठी फाटक कायमचं. आणि बाकीचे कितीही शहाणे झाले, तरी घरात कुणी नसताना मी दोघांना एका खोलीत ठेवत नाही.