तळपायावरचे फोड आणि आजींचे हात

पावसाळा लागला की आमच्या त्वचारोग विभागाच्या ओपीडीत लहान मुलांची गर्दी वाढते. घामोळी, गळवे, डास चावलेल्या जागी खाजवून चिघळलेल्या जखमा, हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार, सगळे एकाच रांगेत उभे असते. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील एका सार्वजनिक रुग्णालयात मी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. ज्या दिवसाविषयी लिहीत आहे, तो जुलैमधला सोमवार होता, आणि त्या दिवसाची सुरुवात नेहमीप्रमाणे प्रसूतिकक्षातल्या बोलावण्याने झाली.

तिथे दोन दिवसांच्या एका मुलीच्या छातीवर आणि पाठीवर लाल चट्टे उठले होते आणि प्रत्येक चट्ट्याच्या मधोमध बारीक पिवळसर पुळी होती. रात्री अंग स्वच्छ होते आणि सकाळी बघते तो हे, असे सांगताना आईचा आवाज कापत होता. या पुरळाला एरिथेमा टॉक्सिकम असे धडकी भरवणारे नाव आहे. प्रत्यक्षात पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना तो येतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत काहीही न लावता जातो. मी बाळाची मूठ उघडून तळहात पाहिले, मग तळपाय पाहिले. दोन्ही कोरे होते. ताप नव्हता आणि बाळ दूध नीट ओढत होते. एवढे पाहिले की बहुधा तपासणी पुरी होते. याउलट पाण्याने भरलेले फोड पुंजक्याने आलेले असतील, बाळ मलूल असेल किंवा दूध ओढत नसेल, तर नागिणीच्या जातकुळीतला हर्पिस किंवा जिवाणूंचा संसर्ग गृहीत धरून त्याच तासाला नवजात अतिदक्षता विभागाकडे धाव घ्यावी लागते. शेजारच्या खाटेवरच्या बाळाच्या कमरेवर निळसर करडा डाग होता. तो जन्मतःच असल्याची नोंद केसपेपरवर आकृती काढून केली, कारण असे डाग पुढे कोणालातरी माराचे वळ वाटतात आणि घरात नसता संशय शिरतो. माराचा वळ दिवसागणिक रंग बदलतो. हा डाग मात्र तसाच राहून काही वर्षांत हळूहळू फिका होतो.

ओपीडीत खाली आले तेव्हा चुनाभट्टीच्या एका चाळीतले कुटुंब पहिल्या बाकावर बसले होते. आई, आजी आणि आजींच्या छातीशी धरलेला अडीच महिन्यांचा मुलगा. तीन आठवड्यांपासून अंगावर पुरळ होता. आजींना सुरुवातीला देवीचे काही असावे असे वाटले, म्हणून त्यांनी पाळण्याला कडुलिंबाचा डहाळा बांधला. मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. ती लावली की दोन दिवस बरे वाटायचे, लाली उतरायची, आणि थांबवली की पुरळ दुपटीने यायचा. आईने मोबाइलवरचे फोटो दाखवले. सगळे गालांचे आणि पोटाचे होते, आणि त्यांवरून इसब म्हटले असते तरी कोणी चूक म्हटले नसते.

मी बाळाचे सगळे कपडे काढायला सांगितले. पालकांना हे सहसा आवडत नाही, त्यात बाहेर पाऊस आणि वर पंखा. पण अंगावर लंगोट असताना मी लहान मुलाची त्वचा तपासत नाही. बाळाच्या काखेत आणि जांघेत लालसर तपकिरी गाठी होत्या. मनगटांवर ओरखडे होते. तळपायाच्या आतल्या कडेला, टाचेपासून बोटांपर्यंत, पांढरट पुवाचे फोड ओळीने आले होते. नवजात बाळांच्या निरुपद्रवी पुरळांपैकी बहुतेक तळपाय सोडून देतात, इसबही अडीच महिन्यांच्या बाळाच्या गालांवर अधिक रमतो. त्यामुळे तळपाय भरलेला दिसला की मी खुर्ची पुढे ओढून बसते. हात-पाय-तोंडाच्या आजारात तळपायावर फोड येतात, पण तो आठवडा-दहा दिवसांत आवरतो आणि तोंडातही व्रण असतात. हे बाळ तोंडातून स्वच्छ होते. जन्मजात सिफिलिसमध्येही, म्हणजे पोटात असताना आईकडून बाळाला लागणाऱ्या त्या लैंगिक आजारातही, तळवे फोडांनी भरतात, म्हणून आईचे गरोदरपणातले कार्ड मागून घेतले. सिफिलिससाठीची व्हीडीआरएल ही रक्तचाचणी झालेली होती आणि ती निगेटिव्ह होती.

"रात्री झोपतो का?" असे विचारल्यावर आईऐवजी आजींनी उत्तर दिले. "कुठला झोपतोय डॉक्टर! दिवे मालवले की वळवळ सुरू. पाय पायावर घासत राहतो." एवढ्या लहान बाळाला नीट खाजवता येत नाही, ते अंग घासते, चिडचिडते, दूध अर्धवट सोडते. आजी बोलत असताना माझे लक्ष त्यांच्या हातांकडे गेले. बाळाला थोपटता थोपटता त्या अंगठ्याच्या नखाने दुसऱ्या हाताच्या बोटांची बेचकी खाजवत होत्या, आणि आपण तसे करतो आहोत हे त्यांच्या ध्यानीही नव्हते.

"आजी, जरा हात दाखवता का?"

"मला काही झालेलं नाही. भांड्यांच्या साबणानं हात उलतात माझे, दर पावसाळ्यात."

हात पुढे आला खरा. बेचकीत आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बारीक पुटकुळ्या होत्या आणि त्यांतल्या एकीपासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीची, राखाडी, वाकडीतिकडी रेघ निघाली होती. डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारे दिव्याचे भिंग, टेकवला तर रेघेच्या टोकाला इवलासा गडद त्रिकोण दिसला. तो खरजेच्या किड्याचा पुढचा भाग. मादी जेमतेम 0.3 ते 0.4 मिलिमीटर लांबीची असते, त्वचेच्या वरच्या थरात बोगदा खणत जाते आणि मागे अंडी टाकत जाते. रेघ हलकेच खरवडून काचेवर तेलाच्या थेंबात ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली आजींनाच पाहायला लावले. त्यांनी डोळा लावला, एकदम मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, चालतोय की!"

मोठ्या माणसाची खरूज सहसा मानेच्या वर जात नाही. तान्ह्या बाळांत मात्र ती टाळू, चेहरा, तळहात, तळपाय असे सगळीकडे पसरते आणि ओळखू येत नाही. त्यात या ट्यूबने घोळ घातला होता. तिच्यात क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक असे तिन्ही एकत्र होते. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, किडा मात्र निर्धास्त वाढतो. शिवाय वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दोन-तीन पट असते, लंगोटाखाली लावलेले औषध आणखी मुरते, आणि स्टेरॉइड थेट रक्तात जाते. 2018 मध्ये अशी अनेक मलमे शेड्यूल एच या औषधांच्या सरकारी यादीत घालून चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ती मनाई पोहोचल्याचे मला तरी जाणवत नाही.

निदान सांगताच आई रडू लागली. आमचे घर घाणेरडे नाही, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला मी सांगितले की हा किडा स्वच्छता पाहत नाही, तो दाटीवाटीने झोपणाऱ्या अंगांवरून सरकतो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण झोपतात तिथे त्याला फार प्रवास करावा लागत नाही. मग घरात आणखी कोण बाळाला घेते, हा प्रश्न आला आणि मालिशवाल्या मावशींचे नाव निघाले. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला त्या रोज येत आणि त्याच चाळीत आणखी चार घरी जात.

"म्हणजे तिनंच आणलं! उद्यापासून तिला दारात उभी करत नाही," आजी उसळल्या.

इथे मला जरा कडक व्हावे लागले. पहिल्यांदा खरूज झाली तर लागण झाल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. त्या मुदतीत मावशींकडून बाळाला, आजींकडून मावशींना की आणखी कोणाकडून सगळ्यांना, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यांना हाकलले असते तर उपचाराविना त्या दुसऱ्या चाळीत गेल्या असत्या. मी आजींना म्हटले, "मावशींना दुपारी माझ्याकडे पाठवा, पैसे पडणार नाहीत."

उपचार तसा सोपा, पण शिस्तीचा. घरातल्या प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच रात्री पर्मेथ्रिन पाच टक्के मलम लावायचे. मोठ्यांनी मानेपासून खाली, बाळाला मात्र डोळे आणि तोंड वाचवून टाळूपासून तळव्यांपर्यंत. बाळ हात चोखते म्हणून हातांत मोजे घालायचे, आईने पाजण्यापूर्वी स्तन धुवायचे, सकाळी अंघोळ आणि आठवड्याने पुन्हा तेच. कपडे गरम पाण्यात धुवायचे. यावर आजींनी रास्त प्रश्न विचारला की जुलैत गोधड्या वाळवायच्या कुठे. अंगापासून दूर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही, म्हणून गोधड्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस माळ्यावर टाका आणि कपड्यांवर कडक इस्त्री फिरवा, असे सांगितले. खाज पुढचे दोन-चार आठवडे रेंगाळते आणि काखेतल्या गाठी त्याहून जास्त. त्यामुळे औषध लागू पडले नाही असे समजून पुन्हा ट्यूब आणू नका, हे आईकडून वदवून घेतले.

मावशी दुपारी आल्या. हातांवर खुणा होत्या, आणि खाज आजींच्याही आधीपासून की नंतर, हे त्यांना आठवत नव्हते. औषधापेक्षा त्यांना चिठ्ठीची काळजी होती. उपचार झाल्यावर कामाला हरकत नाही, असे तारीख घालून, सही-शिक्क्यासह लिहून दिले. चारपैकी तीन घरांनी आठवड्याभरात येऊन औषध नेले. चौथ्या घरातले बाळ तीन आठवड्यांचे होते आणि तिथले लोक येईनात, तेव्हा आरोग्यसेविकेला पाठवले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला पर्मेथ्रिन देण्याचे आम्ही टाळतो, म्हणून त्याच्यासाठी सहा टक्के गंधकाचे मलम सलग तीन रात्री लावायला दिले. वास सहन होत नाही, अशी त्या घरची तक्रार आरोग्यसेविकेने दुसऱ्या दिवशी मला कळवली, आणि तिन्ही रात्री लावले का, हे पाहायला मी तिला पुन्हा एकदा पाठवले.