भिंत कशाची आहे ते आधी सांगा

बिल्डिंगच्या आत वायफाय कुठपर्यंत पोचेल, बाहेरच्या टॉवरचा सिग्नल आतल्या खोलीत किती उरेल, हे अँटेना लावायच्या आधीच काढायचं म्हणजे प्रोपगेशन मॉडेलिंग. हे काम मला मनापासून आवडतं, म्हणूनच ठामपणे सांगतो, सॉफ्टवेअर कितीही भारी घ्या, भिंती कशाच्या आहेत हेच माहीत नसेल तर स्क्रीनवरचा तो लाल-हिरवा नकाशा नुसता बघायला छान.

मोकळ्या जागेत हिशोब सरळ आहे. रेडिओ इंजिनिअर हॅराल्ड फ्रिसने १९४६ साली मांडलेलं सूत्र आजही तसंच वापरतात, अंतर दुप्पट झालं की ६ डीबी (डेसिबल, सिग्नल किती पटीने घटला ते सांगणारं माप) गेले, म्हणजे पॉवर पाव झाली, आणि २.४ गिगाहर्ट्झला तर पहिल्या मीटरभरातच साधारण ४० डीबी जातात. खरी मजा आत शिरल्यावर सुरू होते. लांब सरळ कॉरिडॉरमध्ये चक्क मोकळ्या जागेपेक्षा कमी लॉस (सिग्नलची घट) मिळू शकतो, कारण दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटत आपटत सिग्नल पुढे सरकत राहतो, अंतराचा घातांक (अंतर वाढताना पॉवर किती झपाट्याने घटते तो आकडा) २ वरून १.६-१.८ वर येतो, आणि त्याच कॉरिडॉरचं वळण घेऊन मागच्या खोलीत गेलात की तोच घातांक ४ च्या पुढे जातो.

बाहेरच्यासाठी अजूनही ओकुमुरा-हाटा हे मॉडेल खूप चालतं. ओकुमुराने टोकियो आणि आसपास फिरून घेतलेली मोजमापं १९६८ ला छापली, हाटाने १९८० मध्ये त्या आलेखांची सूत्रं बनवली. पण ती सूत्रं १५० ते १५०० मेगाहर्ट्झ आणि १ ते २० किलोमीटरसाठी आहेत. लोक ती बिनधास्त ३०० मीटरला लावतात आणि आकडा तर येतोच ना, सूत्र काही नाही म्हणत नाही. मला याचा खरंच राग येतो कारण पुढे त्याच आकड्यावर खर्चाचे निर्णय होतात.

आतल्यासाठी मला कॉस्ट २३१ या युरोपीय संशोधन प्रकल्पाचं मल्टी-वॉल मॉडेल आवडतं. मोकळ्या जागेचा लॉस घ्यायचा, वाटेत येणाऱ्या प्रत्येक भिंतीचा लॉस तिच्या प्रकाराप्रमाणे त्यात मिळवत जायचा, आणि मजल्यांचं मात्र सरळ गुणाकाराने करायचं नाही, कारण दोन स्लॅब मध्ये आले म्हणून लॉस दुप्पट होतोच असं नाही, सिग्नल जिन्यातून, डक्टमधून, खिडकीबाहेर जाऊन समोरच्या बिल्डिंगवर आपटूनही वर येतो. रे ट्रेसिंग यापेक्षा खूप तपशीलात जातं, एकेक किरण कुठे आपटला, कुठल्या कडेवरून वळला सगळं धरतं, पण त्याला प्रत्येक पृष्ठभागाचे विद्युत गुणधर्म लागतात आणि ते अंदाजाने भरले तर तेवढी मेहनत पाण्यात. अशा वेळी साधं मल्टी-वॉल आणि जागेवर घेतलेली थोडी मोजमापं, हेच जास्त भरवशाचं.

काचेचंच घ्या. साधी काच दोन-तीन डीबी खाते, पण उष्णता अडवायला धातूचा अतिपातळ थर दिलेली काच २५-३० डीबीसुद्धा खाते, म्हणजे हजारातले जेमतेम एक ते तीन भाग आत येतात, आणि दोन्ही काचा डोळ्यांना जवळपास सारख्याच दिसतात. म्हणूनच आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पी.२१०९ शिफारशीत बिल्डिंग पारंपरिक आहे की उष्णतारोधक, हे आधी विचारलंय.

मोजतानाही एका जागी उभं राहून रीडिंग घेऊ नका. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२.५ सेंटीमीटर, त्यामुळे अँटेना नुसती पाच-सहा सेंटीमीटर सरकवली तरी एखाद्या खड्ड्यात रीडिंग २० डीबीने पडू शकतं, कारण वेगवेगळ्या वाटांनी आलेले सिग्नल तिथे एकमेकांना मारतात. साधारण ४० तरंगलांब्या, म्हणजे ५ मीटर हळूहळू चालत सरासरी काढा आणि मगच मॉडेलशी ताडून बघा. एवढं करूनही मोजलेल्या आकड्यांचा मॉडेलभोवती सहा-आठ डीबीचा पसारा राहणारच, तो लपवायचा नाही, रिपोर्टमध्ये लिहायचा. पसारा ८ डीबी असेल आणि कव्हरेजच्या कडेला ९०% ठिकाणी सिग्नल हवा असेल तर १० डीबीची मार्जिन, म्हणजे जादा राखीव, धरा, आणि दारं एरवी बंद असतात तिथे ती बंद करूनच मोजा.