‘परमिशन डिनाइड’पाशी अडलेले माझे चार दिवस

परवा पुन्हा एका मुलीचा फोन आला. "ताई, जँगो पोस्टग्रेसला जोडलं, पासवर्ड बरोबर आहे, तरी माइग्रेट होऊन नाही राहिलं." (जँगो म्हणजे पायथनमध्ये वेब ॲप करायची चौकट, पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस, आणि माइग्रेट म्हणजे त्यात ॲपची टेबलं तयार करणारी जँगोची आज्ञा.) तिचं बोलणं संपायच्या आत मी विचारलं, "पोस्टग्रेस कितवा आहे? 15 किंवा त्याच्या पुढचा?" हो म्हणाली. पाच मिनिटांत तिचं काम झालं. याच जागी माझे चार दिवस गेले होते आणि ते आठवलं की अजूनही संताप होतो. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

नागपुरात सक्करदऱ्याला आमच्या ओळखीतल्या काकाजींची अभ्यासिका आहे. 120 खुर्च्या, चार मोठे कूलर, दाराशी चपलांचा ढीग. उमरेड, काटोल, भिवापूरकडची पोरं खोल्या करून राहतात आणि एमपीएससीच्या तयारीला सकाळी सहापासून तिथे येऊन बसतात. कोणाची खुर्ची कोणती, फी कधी संपते, लॉकरची किल्ली कोणाकडे, याचा हिशोब ठेवायला मी त्यांना जँगोमध्ये एक छोटं ॲप करून दिलं होतं. डेटाबेस म्हणून जँगोसोबत आपोआप येणारा एसक्यूलाइट. एका काउंटरवर दीड वर्ष विनातक्रार चालला.

मग काकाजींनी वरच्या मजल्यावर दुसरा हॉल काढला, तिथे दुसरा काउंटर आला, आणि महिन्याच्या 1 तारखेला फी भरायला रांग लागली की पडद्यावर ‘डेटाबेस इज लॉक्ड’ येऊ लागलं. एसक्यूलाइटमध्ये सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल, आणि तिच्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं. दुसरा थांबून राहतो, आणि पाच सेकंदांत पाळी आली नाही तर ही एरर येते. माझ्या कोडमध्ये पावतीचा एसएमएस जाईपर्यंत ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसमधलं लिहिण्याचं काम, उघडंच राहत होतं, ते मी आधी दुरुस्त केलं. त्याने बराच फरक पडला. पण पुढे पोरांच्या मोबाइलवरूनही नोंदी होणार होत्या. तेव्हा ठरवलं, आता पोस्टग्रेसवरच जायचं.

घरी माझ्या लॅपटॉपवर उबंटू 22.04 (लिनक्सचा एक प्रकार) आहे. त्यावर सराव केला. पोस्टग्रेस टाकला, पायथनला त्याच्याशी जोडणारं सायकोपीजी टाकलं, डेटाबेस आणि युजर तयार केला, सेटिंग्जमध्ये इंजिन, नाव, युजर, पासवर्ड, होस्ट, पोर्ट भरले आणि माइग्रेट चालवलं. ओळीमागून ओळ ‘ओके’ येत गेली. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं होतं. म्हणून काकाजींना सांगून टाकलं, "रविवारी लावून देते, सोमवारपासून दोन्ही काउंटर सुरू."

रविवारी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर बसले. तिथे उबंटू 24.04. मे महिना, कूलरमध्ये पाणी घालून घालून हात दुखले होते, आणि दोनदा लाइट गेली. सायकोपीजी टाकताना पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या पिपने नकार दिला, कारण 24.04 मध्ये सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट काही टाकू देत नाहीत. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन, केलं, ते निघालं. पहिल्या वेळी होस्ट (डेटाबेस सर्व्हरचा पत्ता) रिकामा ठेवला होता, तर ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ आलं. होस्ट रिकामा असला की जोडणी मशीनमधल्या मशीनमध्ये, सॉकेटवरून होते, आणि तिथे पोस्टग्रेस पासवर्ड विचारत नाही, लिनक्सच्या युजरचं नाव तपासतो. ‘लोकलहोस्ट’ लिहिलं, तेही मिटलं. मग माइग्रेट.

आणि तिथे गाडी थांबली. लांबलचक ट्रेसबॅक (एरर कुठून कुठून आली त्याची यादी), आणि तळाशी एक ओळ: जँगो_माइग्रेशन्स हे टेबल तयार करता येत नाही, परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक.

घरच्याच आज्ञा, त्याच क्रमाने दिलेल्या. ‘ग्रँट ऑल प्रिव्हिलेजेस ऑन डेटाबेस’ ही डेटाबेसवरच्या सगळ्या परवानग्या देणारी ओळ मी 2019 पासून प्रत्येक प्रोजेक्टला देत आले आहे आणि ती कधीच चुकली नव्हती. पुन्हा दिली. पोस्टग्रेसने ‘ग्रँट’ असं उत्तर दिलं, म्हणजे मान्य. माइग्रेट, तीच ओळ. युजर काढून नवा केला, डेटाबेस काढून नवा केला, तीच ओळ. रात्री साडेअकरा वाजता सर्व्हर कंपनीच्या मदत विभागाला तिकीट टाकलं.

सोमवारी उत्तर आलं, पासवर्ड बदलून बघा. बदलला, काही नाही. मंगळवारी उत्तर आलं, सर्व्हर रीस्टार्ट करा. केला. बुधवारी सांगितलं, फायरवॉलमध्ये पोस्टग्रेसचं 5432 पोर्ट उघडा आणि पोस्टग्रेसला सगळ्या पत्त्यांवर ऐकायला लावा. हे मी केलं नाही आणि तुम्हीही करू नका. ॲप आणि डेटाबेस एकाच सर्व्हरवर असताना पोर्ट जगाला उघडं करायची गरजच काय? लांबून बघायचं असेल तर एसएसएच टनेलचा सुरक्षित मार्ग आहे. मला खरी चीड याची आली की तिघांपैकी एकानेही मी पाठवलेली एरर वाचली नव्हती. जोडणीची तक्रार दिसली की ठरलेली तीन उत्तरं पाठवायची, एवढंच चाललं होतं. तिकडे काकाजी रोज फोन करत होते. "अवो बाई, काऊन अडून राहिलं हे? पोरं वहीत लिहून राहिले ना!" त्यांचा आवाज चिडका नव्हता, काळजीचा होता, त्यामुळे मला जास्तच लागत होतं.

बुधवारी रात्री मी टर्मिनल बाजूला ठेवलं आणि ती एकच ओळ कागदावर लिहून काढली. तेव्हा लक्षात आलं की जोडणी कधीचीच झाली आहे. सर्व्हर चालू नसता तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं असतं. कोणाला कुठून जोडू द्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये अडवलं असतं तर त्या फाइलचं नाव एररमध्ये आलं असतं. पासवर्ड चुकला असता तर ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ आलं असतं. माझा युजर ही सगळी दारं पार करून आत उभा होता. अभ्यासिकेत शिरायला पास मिळाला म्हणजे कुठेही आपलं टेबल मांडता येतं असं नाही, हॉलमध्ये जागा वेगळी मागावी लागते. डेटाबेसवर परवानगी म्हणजे तो पास. टेबलं मांडायची जागा म्हणजे स्कीमा, आणि त्याची परवानगी वेगळी.

मग घरी का चाललं? दोन्ही मशीनवर आवृत्ती विचारली. लॅपटॉपवर 14, सर्व्हरवर 16. उबंटू 22.04 सोबत 14 येतो, 24.04 सोबत 16. आणि मधल्या 15 व्या आवृत्तीत, जी ऑक्टोबर 2022 मध्ये आली, नियम बदलला. त्याआधी डेटाबेसमध्ये शिरलेल्या कोणालाही ‘पब्लिक’ स्कीमात टेबल करता यायचं. म्हणजे माझी ती जुनी ग्रँटची ओळ टेबलांसाठी इतकी वर्षं काहीच करत नव्हती. परवानगी मुळातच सगळ्यांना होती, मी आपली श्रेय त्या ओळीला देत होते. नियम बदलायला कारणही आहे. पब्लिकमध्ये कोणीही काहीही ठेवू शकत असेल, तर दुसऱ्याच्या क्वेरीत आपलं फंक्शन घुसवता येतं. ही जोखीम 2018 मध्येच जाहीर झाली होती. बदल योग्यच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही.

लगेच ‘ग्रँट ऑल ऑन स्कीमा पब्लिक’ दिलं. पोस्टग्रेस म्हणाला ‘ग्रँट’. माइग्रेट केलं, पुन्हा तीच ओळ! त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं. मध्यरात्र उलटली होती, कूलरचा पंप कोरडा पडून घरघरत होता, उठून पाणी घालायचंही सुचेना.

पाणी घालून परत आले तेव्हा पडद्यावर डावीकडे नजर गेली. पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसला आज्ञा द्यायच्या खिडकीत, टाइप करायच्या जागेआधी आपण ज्या डेटाबेसमध्ये आहोत त्याचं नाव असतं. तिथे ‘अभ्यासिका’ नव्हतं, ‘पोस्टग्रेस’ होतं. प्रत्येक डेटाबेसला स्वतःचं पब्लिक असतं. मी परवानगी दिली होती ती पोस्टग्रेस नावाच्या मूळ डेटाबेसच्या पब्लिकवर. पोस्टग्रेसने खोटं सांगितलं नव्हतं, काम भलत्या घरात झालं होतं. चार दिवस तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता.

शेवटी ग्रँट सोडून सरळ मार्ग घेतला: ‘ऑल्टर डेटाबेस’ने डेटाबेसचा ओनरच माझ्या ॲपचा युजर केला. 15 पासून पब्लिक स्कीमाची मालकी ‘पीजी_डेटाबेस_ओनर’ या भूमिकेकडे असते, आणि डेटाबेसचा जो मालक तो आपोआप त्या भूमिकेत येतो. शिवाय ही आज्ञा कुठल्याही डेटाबेसमध्ये उभं राहून दिली तरी चालते, कारण तिच्यात डेटाबेसचं नाव लिहिलेलं असतं. माइग्रेट चालवलं. ओके, ओके, ओके. मी त्या ओळी मोजत बसले होते, इतकं बरं वाटत होतं. नवीन काम करताना तर डेटाबेस तयार करतानाच ‘ओनर’ लिहून टाका, हा प्रश्न उभाच राहत नाही. मात्र जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करून आणलेल्या डेटाबेसमध्ये जुन्याच परवानग्या राहतात, म्हणून शेजारच्याचं चालतं आणि तुमचं चालत नाही असं होऊ शकतं.

गुरुवारी सकाळी मदत विभागाला मी उपाय लिहून पाठवला, आवृत्तीच्या आकड्यासकट. तिकीट बंद झालं, उत्तर आलं नाही.

जुना डेटा आणतानाची एक गोष्ट सांगायलाच हवी. अभ्यासिकेतला संगणक विंडोजचा आहे, आणि पोरांची नावं देवनागरीत. डेटा फाइलमध्ये काढणारी जँगोची डंपडेटा ही आज्ञा चालवली की ‘चारमॅप’ची एरर यायची, कारण विंडोजवर पायथन फाइल स्वतःच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) लिहायला जातो. पायथन चालवताना ‘-एक्स यूटीएफ8’ दिलं आणि फाइल डंपडेटाच्याच ‘-ओ’ने लिहिली, की नावं जशीच्या तशी येतात. कंटेंटटाइप्स आणि ऑथ.परमिशन ही जँगोची स्वतःची टेबलं वगळून डंप घ्या. माइग्रेटने ती टेबलं नव्या ठिकाणी आधीच भरलेली असतात आणि फाइलमधला डेटा परत भरणारं लोडडेटा तिथे अडखळतं.

हो, आणि सुरुवातीलाच सांगायचं राहिलं: पासवर्डमध्ये ‘ॲट’चं चिन्ह असेल आणि तुम्ही डेटाबेसची सगळी माहिती एकाच यूआरएलमध्ये लिहीत असाल, तर ते चिन्ह टक्का आणि 40 असं लिहावं लागतं. नाहीतर पासवर्डचा उरलेला तुकडा होस्टचं नाव समजला जाऊ शकतो. सेटिंग्जमध्ये प्रत्येक गोष्ट वेगळी लिहिली तर हा प्रश्न नाही. मी वेगळीच लिहिते, आणि पासवर्ड कोडमध्ये न ठेवता एन्व्हायर्नमेंटमधून घेते.

1 जूनला दोन्ही काउंटर एकदम सुरू झाले. मी मुद्दाम खालच्या काउंटरमागे स्टूल टाकून बसले होते. वर आणि खाली एकाच वेळी फी जमा होत होती आणि लॉक्ड हा शब्द एकदाही आला नाही. काकाजींनी वही गल्ल्याखाली सरकवली आणि माझ्यासाठी समोरच्या ठेल्यावरून तर्री पोहे मागवले.

तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला. "बाई, नवीन पोरगं चढून नाही राहिलं." ‘डुप्लिकेट की’ची एरर. लोडडेटाने आणलेली टेबलं ठीक होती, पण त्याआधीच्या काळातल्या पोरांची यादी मी काकाजींच्या एक्सेलवरून सीएसव्ही करून आयडीसकट थेट टेबलात ओतली होती. तसं केलं की पोस्टग्रेसचा क्रमांक मोजणारा सीक्वेन्स पुढे सरकत नाही. तो जिथे थांबला होता तिथूनच नंबर द्यायला गेला, आणि ते नंबर आधीच घेतलेले. जँगोची ‘एसक्यूएलसीक्वेन्सरीसेट’ ही आज्ञा त्यासाठीच आहे. ती स्वतः काही बदलत नाही, फक्त एसक्यूएल छापून देते, ते डीबीशेलला, म्हणजे जँगोमधून उघडणाऱ्या डेटाबेसच्या खिडकीला, द्यावं लागतं. दिलं. यावेळी एरर आधी पूर्ण वाचली होती, म्हणून सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली. पोरगं भिवापूरचं होतं, सामानाची पिशवी घेऊन काउंटरसमोर उभं. त्याला 47 नंबरची खुर्ची मिळाली, कूलरच्या अगदी समोरची.